डाव्या पायाची पट्टी

माझे अब्बा, खलीलभाई, न्हावा शेव्याच्या बंदरात तीस वर्षं उभ्याने काम करत होते. शिरा फुगून डाव्या घोट्यावर झालेली त्यांची जखम चार वर्षं भरली नाही. डॉक्टर मलम लावून घट्ट पट्टी बांधायचे आणि बजावायचे, "आठवडाभर सोडू नका." तरी दर वेळी पट्टी ओलीच निघायची. मी अम्मीवर खेकसायचे, "तुला साधी पट्टी सांभाळता येत नाही?" ती ओली पट्टी उचलून न्यायची.

एकदा बाथरूमचं दार उघडं राहिलं. अब्बा पट्टी सोडून पाय धूत होते. प्रत्येक नमाजाआधीचा वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं, दिवसातून पाच वेळा.

"वजू केल्याशिवाय नमाजाला उभा कसा राहू?" ते म्हणाले.

मी तडक मौलानांकडे गेले. "पट्टीवरून ओला हात फिरवला असता तरी वजू झाला असता," ते हळहळले. "खलीलभाईंनी विचारायचं तरी!"

अख्ख्या मोहल्ल्यातल्या मुलांना वजू शिकवलेला माणूस, विचारणार कसा?

तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आता वजूच्या वेळी अम्मी लोट्याने पाणी घालते. उजवा पाय धुऊन झाला की अब्बांचा हात सवयीने डावीकडे जातो. अम्मी पाणी थांबवते.