बांधावरच्या बारा नळ्या

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचून कुणी मला बिचारी म्हणायला नको.

पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. युरिया टाकल्यावर त्यातलं नत्र पाण्याबरोबर खाली किती निसटतं, काळ्या मातीतून किती आणि मुरमाड मातीतून किती, हे मला मोजायचं होतं. दोन्ही प्रकारची माती शेजारी-शेजारी मिळाली ती धायरीत, इमारतींच्या मधे उरलेल्या एका शेतात. शेत दोघा भावांचं. वाटणीत थोरल्याला काळी आली, धाकट्याला मुरूम. मी बांधाच्या दोन्ही अंगांना सहा-सहा नळ्या ठोकल्या. वरून मोजून युरिया आणि पाणी द्यायचं, बाजूच्या खड्ड्यातून नळीच्या बुडाशी बाटली लावायची आणि तिच्यात झिरपलेलं पाणी कॉलेजात नेऊन तपासायचं. कुणी ठेचकाळू नये म्हणून नळ्यांची डोकी लालभडक रंगवली. परवानगी विचारली ती फक्त थोरल्याला. "ठोका की ताई, धाकटा काय माझ्या शब्दाबाहेर हाय व्हय?" तो म्हणाला. मला तेवढं पुरलं.

एका सकाळी धाकटा बांधावर येऊन उभा राहिला. "काय चाललंय हितं?"

नुकतीच माझी एक बाटली लवंडली होती. डोकं फिरलेलं. "सांगून कळणार आहे का तुम्हाला?" मी मान वर न करता म्हणाले.

तो लाल डोक्यांच्या रांगेकडे बघत राहिला आणि निघून गेला. त्या भागात प्लॉट पाडायला येणारे लोक अशाच लाल डोक्याच्या खुंट्या मारतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं.

दोन दिवसांनी तो पहार घेऊन आला. "माझा मुरूम बिल्डरला इकतो व्हय रं!" असं थोरल्याच्या नावाने ओरडत त्याने पहिली नळी फोडली. मग दुसरी, तिसरी. माझा अख्खा हंगाम तो फाडफाड फोडत होता. मी खोरं उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. हो, मीच. आईने ऐकली असती तर तिला घेरी आली असती अशी शिवीही दिली. त्याने मागे न बघता मला ढकललं, मी खड्ड्यात आपटले.

थोरला गोठ्यातून धावत आला आणि पहार धरायला मधे पडला. ती त्याच्या कोपराखाली बसली. हाडाचा आवाज नळीसारखा येत नाही, तो ओला येतो. तरीही त्याने धाकट्याच्या पोटात लाथ घातली. दोघं मुरमात लोळले, एकमेकांचा गळा धरून, तोंडात माती, रक्त. थोरल्याची बायको किंचाळत धाकट्याचे केस ओढत होती. आणि मी? मी कुठल्या बाटल्या शाबूत आहेत ते बघत होते. याची लाज मला आजही वाटते.

दवाखान्यात हवालदाराने विचारलं तेव्हा थोरला म्हणाला, "खड्ड्यात पडलो, साहेब." डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं होतं की हात पूर्वीसारखा उचलता येणार नाही. हवालदार माझ्याकडे वळला. धाकट्याला आत टाकावं असं मला मनापासून वाटत होतं. पण थोरला माझ्याकडे बघत होता. "हो, पडले ते," मी म्हणाले.

बाहेर धाकटा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. शर्टावर भावाचं रक्त. मी त्याच्यावर तुटून पडले. "कशासाठी मोडलात हो हात? कुणी विकत नव्हतं तुमची जमीन! युरियातलं नत्र पाण्याबरोबर किती खाली जातं, एवढंच बघत होते मी!"

त्याने मान वर केली.

"नायट्रेट व्हय?" तो हळूच म्हणाला. "बारावी सायन्स झालंय माझं, ताई. त्या दिशी इचारलं तवा एवढं बोलला असता, तर कळलं असतं की मला."