कमलाजींचा मोर

कमलाजी गेल्याचा फोन त्यांच्या लेकीनं केला. रडत रडत म्हणाली, "मावशी, बांगड्या, पाटल्या, साखळी, सगळं उतरवलं... मोर तेवढा राहिला." आणि मला, देवा, हसूच फुटलं! हे कमलाजींनी कधीचंच सांगून ठेवलं होतं.

सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात आम्ही दोघी कामाला. त्या आल्यागेल्याची विचारपूस करायला पुढच्या टेबलावर, मी आत टायपिंगला. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा मोर. लहानपणी जत्रेत आईनं मांडीवर धरून गोंदवलेला. नवे साहेब आले नि म्हणाले, "कमलाजी, सामने ये अच्छा नहीं लगता. ढकिए, नहीं तो स्टोर में बैठिए."

आता माझं शहाणपण ऐका. मी तेव्हा अन्नपूर्णा वस्तीतल्या मराठी घरातली कडक इस्त्रीवाली सून, रुमालालासुद्धा पिन लावणारी. गोंदण म्हणजे गावठी, हे मला साहेबांच्याही आधी पटलेलं. लगेच त्यांना लांब बाह्यांचा ब्लाउज शिवून दिला... भर मे महिन्यात, पत्र्याखाली बसणाऱ्या बाईला! वर मीच ऐटीत म्हणाले, "घ्या, प्रॉब्लेम सॉल्व!"

बिचाऱ्यांनी एक दिवस घातला. दुसऱ्या दिवशी ब्लाउज तोच, बाह्या मात्र कोपराच्या वर कापलेल्या. थेट साहेबांपुढं हात धरला, "साहब, सराफे का सब यहीं रह जाना है. ऊपर साथ चलेगा तो बस ये मोर. इसको मैं कुर्सी के लिए छुपाऊँ?"

साहेबांनी स्टोअरमध्ये पाठवलंच. मी शूरवीर टाइपरायटरमागं लपले. पण मग जो येईल तो दारातूनच विचारी, "भिया, वो मोरवाली मैडम किधर गईं?" ट्रकवाले, व्यापारी, पोस्टमन... सांगून सांगून साहेबांचाच घसा बसला. शेवटी स्वतः स्टोअरमध्ये जाऊन म्हणाले, "चलिए कमलाजी, मोर को लेकर सामने बैठिए."

त्याच संध्याकाळी कमलाजींनी मला चष्म्याची पिशवी दिली. मी शिवलेल्या बाहीचीच. "लो सुधाजी, आपकी मेहनत फेंकी नहीं!" दुसऱ्या बाहीची त्यांनी स्वतःला शिवली होती. माझी अजून रोज वापरात आहे.

परवा नात मनगटावरची गोंदलेली चिमणी घेऊन पुढं उभी राहिली. "आजी, बँकेत इंटरव्ह्यू आहे. फुल स्लीव्ह घालू का?"

मी कमलाजींच्या त्या बाहीतून चष्मा काढला. चिमणी नीट बघितली.

"चोच जरा वाकडी आलीय गं," म्हटलं. "बाकी, अर्ध्या बाह्यांचा कुर्ता काढ. इस्त्री मी करते."