तिसऱ्या राजाची पालखी

रुकाना मुलखातल्या रिमाचीच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्या एकच काम, राजाची पालखी वाहायची. त्याच्या वाट्याचा पहिला राजा त्यानं भर उमेदीपासून खांदा झिजेपर्यंत वाहिला. त्या राजाला समुद्रापलीकडून आलेल्या दाढीवाल्या परक्यांनी मारलं. मग त्यांनीच दुसरा गादीवर बसवला, तो थोड्याच दिवसांत आजारानं गेला. कुणी म्हणे विषानं. आता तिसऱ्याला बसवायचं होतं, आणि राजधानी कुस्कोहून भोयांना बोलावणं आलं.

“जाऊ नका,” बायको चिंपू म्हणाली. “हात तरी वर जातो का तुमचा?”

“नाही गेलो तर शेत काढून घेतील.”

“कोण, राजा?”

“राजाला कोण विचारतंय,” म्हणत त्यानं थकवा मारायला चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी गळ्यात अडकवली.

कुस्कोत वाजतगाजत राज्याभिषेक झाला, मक्याच्या दारूचे घडे रिते झाले. पण भोयांना काय ते लगेच उमगलं. पूर्वी राजानं बोट हलवलं की पालखी थांबायची. आता पुढचा परका घोडेस्वार थांबला की थांबायची.

एका सकाळी पालखीच्या पडद्याआडून आवाज आला. राजा भोयांशी बोलत नसे, त्यामुळे रिमाची दचकलाच.

“कुठं चाललोय रे?”

“ठाऊक नाही, धनी. घोड्यामागं.”

पडदा जरासा हलला. मग हळूच, “आईच्या घरावरून जाता येईल?”

घोडेस्वार चौकात कुणाशी तरी हुज्जत घालत होता. “मार खाऊ,” शेजारचा भोई साइरी पुटपुटला.

“रोज उगाच दमतो. आज कारणानं दमू,” रिमाची म्हणाला, आणि त्यांनी पालखी गल्लीत वळवली.

म्हातारी दारात सूत कातत बसली होती. तिनं पडदा सारून आत हात घातला, लेकाच्या तोंडावरून फिरवला. “वाळलास रे,” एवढंच म्हणाली.

भोयांना चौकात चाबकानं फोडून काढलं. राजानं मधे पडून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. पुढं तो डोंगरात पळून गेला आणि परक्यांनी चौथा बसवला. रिमाचीला दांडा पेलेना, म्हणून त्याला घोड्यांची वैरण वाहायला लावलं. तेही जमेनासं झालं तेव्हा कुठं घरी सोडलं.

चिंपूनं सुकवलेल्या बटाट्यांचं कालवण वाढलं. “कसा होता हो तो राजा?”

“तोंड कुठं नीट बघितलं,” तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून जेवता जेवताच झोपला.