अकराची शाळा

“पट नको, मास्तर. डोकी दाखवा.”

हे वाक्य ज्याला ऐकावं लागलं नाही, असा मास्तर त्या काळी आमच्या किनाऱ्यावर नव्हता. शाळा कमिटीचे चेअरमनसाहेब शाळेत शिरायचे, छत्री उंबरठ्यावर आडवी टाकायचे, म्हणजे आतला बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये, आणि मग कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढून त्याचं झाकण उघडायचे. टक्. तेवढ्या आवाजावर पोरं उभी राहायची. मास्तर हजेरीचा पट पुढं करायचा, तो साहेब बोटानं बाजूला सारायचे आणि स्वतः डोकी मोजायला लागायचे. मोजताना प्रत्येक पोराच्या टाळूला बोट लावायचे. कोळ्याच्या नाहीतर कातकऱ्याच्या पोरापाशी आले की बोट हवेतच थांबायचं आणि पुढं जायचं.

मी तालुक्याच्या शाळा कमिटीत कारकून होतो. दौऱ्यावर त्यांचं दप्तर, पाण्याचा तांब्या आणि जेवणाचा डबा सांभाळणं हे माझं काम. त्यामुळं हा माणूस मी फार जवळून पाहिला. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. नसेल तर भाग्यवान आहात.

आमची कमिटी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. दोन वकील, तीन-चार वाडीवाले आणि तांदळाचा व्यापार करणारे एक मुसलमान शेटजी, एवढी मंडळी महिन्यातून एकदा बसायची, चहा प्यायची आणि शाळांचं भवितव्य ठरवायची. शाळा चालायच्या लोकल फंडावर. म्हणजे शेतसाऱ्याबरोबर लोकांकडून जो जादा कर घेत, त्यावर. बाकीची भर सरकारी ग्रँटीची, आणि ग्रँट मिळायची हजेरी पाहून. साहजिकच मास्तरमंडळी पट फुगवत. पाळण्यातली पोरं पटावर असत. एका गावी तर देवीच्या साथीत मेलेलं पोर वर्षभर हजर होतं आणि पहिलीतून दुसरीत पासही झालं होतं. चेअरमनसाहेबांनी ही लबाडी मोडून काढली, हे त्यांचं श्रेय मी नाकारत नाही.

पण मोडायची सवय लागली की माणूस लबाडीपाशी थांबत नाही.

मास्तर उशिरा आला असेल तर साहेब त्याला पोरांपुढं उभा करत आणि पोरांनाच विचारत, “हा रोज किती वाजता येतो रे?” पोरं बिचारी गोंधळायची. एखादं धीट कार्टं म्हणायचं, “उशिरा.” मग सगळी हसायची. मास्तराच्या डोळ्यांत पाणी आलं की साहेब शांतपणे म्हणत, “रडू नका. पोरं हसतात.” नंतर टांग्यात बसून डबा उघडत. त्यातलं एक घावन टांगेवाल्याला आणि एक मला, आधी आम्हाला आणि मग स्वतःला. असा हा माणूस होता. काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

थळच्या पुढं, खाडीच्या तोंडाशी, एक लहानसा कोळीवाडा होता. तिथली शाळा कमिटीच्या दृष्टीनं म्हणजे नुसता घोर. पोरं यायचीच नाहीत. चार मास्तर आले आणि वैतागून गेले. पाचवा आला तो घाटावरचा, उंच, हडकुळा, समुद्र पहिल्यांदाच बघणारा. महिनाभर तो रिकाम्या शाळेत बसला आणि मग एके दिवशी उठून किनाऱ्यावर गेला. पोरं सगळी तिथं होती. होड्या भरतीबरोबर खाडीत शिरतात. त्या लागल्या की म्हावरं निवडायला घरातली सगळी माणसं लागतात, कारण निवडून झाल्याशिवाय बाया पाटी घेऊन बाजाराला निघू शकत नाहीत. आणि भरती काही रोज एका वेळेला येत नाही. ती रोज थोडी पुढं सरकते.

मास्तरानं शाळाही तिच्याबरोबर सरकवली. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी ऊन उतरल्यावर. होड्या रिकाम्या झाल्या की तो शाळेपुढच्या बांबूवर पांढरं फडकं चढवायचा. फडकं दिसलं की पोरं हात धुऊन यायची. नीट न धुताच यायची, खरं म्हणजे. त्या शाळेचा वास मला अजून आठवतो. पण त्या पोरांचं वाचन, त्यांचे पाढे! दिपोटी, म्हणजे सरकारी तपासनीस, एकदा चुकून योग्य वेळी तिथं पोचले आणि शेऱ्यात चक्क ‘उत्तम’ लिहून गेले. आमच्या इतर शाळांच्या नशिबी तो शब्द सहसा नव्हता.

शाळा पाण्यावर चालते हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. एका चेअरमनसाहेबांखेरीज. नियम असा होता की शाळा अकराची.

मग मंदीचे दिवस आले. सरकारनं ग्रँट कापली आणि एक शाळा बंद करा असं कमिटीला कळवलं. कोणती, ते कमिटीनं ठरवायचं होतं. चेअरमनसाहेबांचं ठरलेलंच होतं. “ज्याला शेत नाही तो सारा देत नाही. सारा नाही त्याला फंडातली शाळा कशाला?” असं ते मला टांग्यात म्हणाले. मी दिपोटींच्या शेऱ्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, “ठीक आहे. डोकी बघू. डोकी भरली तर राहील शाळा.”

दोन दिवस आधी पट्टेवाला जाऊन सांगून आला: साहेब ठीक अकराला येणार. मास्तरानं घरोघर जाऊन विनवण्या केल्या, बाबांनो, परवा एक दिवस होड्या असोत नसोत, अकरा वाजता पोरं पाठवा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा भरती चढत होती आणि होड्या नुकत्या लागत होत्या. बांबूवर फडकं होतं. शाळेत मास्तर होता. आणखी कोणीही नव्हतं.

साहेबांनी छत्री उंबरठ्यावर टाकली. घड्याळ उघडलं. टक्. उभं राहायला कोणी नव्हतं, मास्तर उभाच होता. साहेब खुर्चीवर बसले आणि भिंतीवरचा नकाशा पाहत राहिले. मास्तर मला खुणा करत होता, म्हणून मी धावत किनाऱ्यावर गेलो. पोरं सगळी तिथं, कोपरापर्यंत बोंबलात. एका म्हातारीनं नातवाचं मनगट घट्ट धरलं होतं. पोरगं शाळेकडं बोट करत होतं आणि ती हसत होती.

“अगो बाय, पोरं का नाही पाठवलीत?” मी ओरडलो.

“आत्ता? होड्या लागतान हायेत, भाऊसाहेब. मास्तरचं फडकं आज चुकलं जनू. आमी म्हनलं, झोपंत लावलंन असंल.”

“साहेब आलेत! बोलला नव्हता का मास्तर?”

“बोललेला, अकरा वाजता म्हनून. पन अकरा कवा वाजतात ते आमाला काय ठावं? घड्याल हाय कुनाकडं? आमाला फडकं ठावं आनी पानी ठावं. आनी मास्तर पान्याला कवा चुकत न्हाय.”

बघा कशी गंमत झाली. इतके दिवस मास्तरानं कधी खोटं फडकं लावलं नव्हतं. म्हणून खरं कोणालाच वाटलं नाही.

मी परत आलो तोवर साहेब उठले होते. मास्तरानं हात जोडले, “साहेब, तासभर थांबा. होड्या रिकाम्या झाल्या की सगळी येतील. एकही मागं राहणार नाही.” साहेब म्हणाले, “जरूर थांबतो.” मला बरं वाटलं. ते टांग्यात सावलीला बसले, डबा उघडला, टांगेवाल्याला घावन दिलं, मला दिलं, स्वतः खाल्लं, चूळ भरली. आणि पाणी उतरायला लागलं तशी पोरं आली. धावत आली. अंगाला खवलं चिकटलेली, दम लागलेली, हातात पाट्या. शाळा गच्च भरली, बाकीची पडवीत बसली. मास्तराचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता.

“साहेब, ही बघा,” तो म्हणाला. “डोकी.”

साहेब टांग्यातून उतरलेच नाहीत. त्यांनी घड्याळ उघडलं आणि मास्तरापुढं धरलं.

“शाळा अकराची, मास्तर. ही डोकी एकची.”

आणि टांगेवाल्याला निघायची खूण केली. मागून पोरांनी एका सुरात नमस्ते म्हटलं, शिकवलं होतं तसं. माझं रक्त उसळलं होतं. तरी साहेबांचा रिकामा डबा मी मांडीवर सांभाळत होतो.

वाटेत साहेबांनी घड्याळाचं झाकण मिटलं. मग आपणहून म्हणाले, “माझे वडील मास्तर होते. एकदा खाडी ओलांडणाऱ्या होडीला उशीर झाला, पाणीच नव्हतं. पोचले तर दिपोटी खुर्चीत. त्यांनी वडिलांना आमच्या समोर अंगठे धरायला लावले. मी तिसरीत होतो.” घड्याळ खिशात टाकत म्हणाले, “आम्ही सगळे हसलो. मी पण हसलो.”

मला त्यांची दया आली. खरंच आली. आणि लगेच दुप्पट संताप आला. ज्याच्या बापाला पाण्यानं उशीर केला, त्या माणसानं पाण्याची बाजू घ्यायला हवी होती की घड्याळाची? पण अंगठे धरणाऱ्याचा पोरगा मोठेपणी अंगठे धरवणारा होतो, हे मी नंतरही पुष्कळ ठिकाणी पाहिलं.

कमिटीच्या बैठकीत एकटे शेटजी बोलले. “चेअरमनसाहेब, माझे मचवे पन पान्यावर चालतात. मी समंदराला काय अकराला भरती लाव म्हनून सांगू?” सगळे हसले. हसून झाल्यावर बाकीच्यांनी हात वर केले. कोळीवाड्यातली शाळा बंद झाली. लगेच पुढचा ठराव नागावकडच्या एका शाळेला भिंतीवरचं घड्याळ देण्याचा होता. ते चेअरमनसाहेबांनी स्वतःच्या खर्चानं दिलं आणि खाली तांबड्या अक्षरांत नाव घातलं.

मास्तराची बदली त्याच शाळेत झाली. बिगरीचा वर्ग आणि रोज सकाळी घड्याळाला चावी देणं, ही त्याची कामं. ठराव मीच लिहून काढला. चावी द्यायला मास्तर स्टुलावर चढायचा तेव्हा खिडकीतून माडांच्या पलीकडं समुद्राची एक पट्टी दिसायची. चावी देऊन झाली तरी तो स्टुलावरच उभा असायचा, असं तिथला शिपाई सांगायचा.

पुढं चेअरमनसाहेबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. ओटीवर आरामखुर्चीत बसायचे, घड्याळ मांडीवर. डाव्या हातानं झाकण उघडायला त्यांना फार त्रास व्हायचा. एकाही मास्तरानं त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही. मी गेलो. घावन खाल्लेलं असतं, माणूस जातो.

त्यांनी वाकड्या तोंडानं विचारलं, “कोण कोण... येतं म्हणालं?”

“सगळेच म्हणतात, साहेब,” मी म्हणालो. “पट मोठा आहे. डोकी नाहीत.”

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि ते पुसायला त्यांचा उजवा हात वर जाईना. मी माझ्या उपरण्यानं पुसलं. बोललो त्याचं मला वाईट वाटलं नाही आणि पुसलं त्याचंही नाही. घड्याळाचं झाकण मात्र मी उघडून दिलं, आणि तसंच उघडं ठेवून निघालो.

पावसाळा संपता संपता ते गेले. कमिटीनं दुखवट्याचा ठराव केला आणि तालुक्यातल्या सगळ्या शाळांना एक दिवसाची सुट्टी दिली. सुट्टीचं ऐकून पोरांनी जो ओरडा केला, तो थेट साहेबांच्या वाडीपर्यंत गेला असणार. दुखवट्याच्या सभेला मास्तरमंडळी पोरांच्या रांगा लावून हजर होती. हुकूमच होता तसा.

सभेहून मी थळच्या बाजूला गेलो, शेटजींकडं काही काम होतं. परतताना कोळीवाड्यावरून आलो. बांबू होता, फडकं नव्हतं. शाळेच्या पडवीत कोणाची तरी जाळी टांगलेली. किनाऱ्यावर तीच म्हातारी बसली होती, वाळत घातलेले बोंबील उलटत. बाजूला तिचा नातू. चांगला दांडगा झाला होता.

“काय भाऊसाहेब, आज रस्त्याला पोरंच पोरं. सन हाय काय?”

“सुट्टी आहे. चेअरमनसाहेब वारले.”

तिनं पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हात जोडले, आणि आणखी एक बोंबील उलटला.

“वाईट झालं,” ती म्हणाली. “पन आमचे पोरांना त्यांनी जिते असतानाच सुटी दिल्यान. ती अजून सरली न्हाय.”