एउफ्रासियोंचा गुडघा

एउफ्रासियोंच्या गुडघ्याला त्या दिवशी काहीही झालं नव्हतं. हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मंडळातल्या बाकी बारा जणांना ते आजही ठाऊक नाही, आणि तो दोष माझा.

आमचं गाव स्पेनमधल्या हाएन प्रांतातलं. जिकडे बघावं तिकडे ऑलिव्हची झाडं, आणि त्यांच्यामधून पूर्वी ऑलिव्हचं तेल नेणारी आगगाडी जायची, तेलाची गाडी. ती बंद पडली, रूळ उखडले गेले, आणि पुढे त्याच जागेवर खडी दाबून सायकलींची वाट झाली. मी तेव्हा औषधांचं दुकान मुलीच्या हवाली करून रिकामा झालो होतो. म्हणून निवृत्तांचं सायकल मंडळ काढलं आणि स्वतःच अध्यक्ष होऊन बसलो.

एउफ्रासियो त्या तेलाच्या गाडीचे फायरमन. सोळाव्या वर्षी इंजिनावर चढले. कोळसा टाकून टाकून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता आणि एक कान कामातून गेला होता. गाडी बंद झाल्यावर ते लोकांच्या मळ्यात ऑलिव्ह झोडायला जात, पण रुळांच्या बाजूला वीस वर्षं फिरकले नाहीत. वाट झाली तेव्हा मात्र सत्तरीत सायकल शिकले. त्यांची बायको कापिया गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडायची, "पडलात तर तिथंच राहा! मी काही उचलायला यायची नाही!"

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते आमच्याबरोबर यायचे, सगळ्यांच्या मागून. मला ते खुपायचं. खरं सांगायचं तर मंडळाच्या फोटोत मला त्यांचा तो विटका सदरा नको असायचा.

जूनमध्ये आम्ही तीन दिवसांची सफर ठरवली होती, थेट वाटेच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत. तिथं इंजिनात पाणी भरायचा उंच लोखंडी नळ होता. तो अजून उभा आहे का, हे एउफ्रासियोंना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. वर्षभर त्यांना दुसरा विषय नव्हता. आणि मी नियम काढला. मे महिन्यातल्या एका दिवसाच्या फेरीत ज्याच्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल, त्याचं नाव जूनच्या यादीतून जाईल. नियम कोणासाठी आहे हे कोणी विचारलं नाही.

त्या सकाळी आम्ही पावात खड्डा पाडून तेल ओतलं, वर खारवलेला मासा घेतला आणि खाऊन निघालो. एउफ्रासियोंनी सायकलला पाण्याच्या दोन बाटल्या बांधल्या होत्या.

"आजोबा, वाळवंटात चाललाय की काय?" मेल्चोर म्हणाला. हा आमचा न्हावी. त्याची जीभ वस्तऱ्याहून जास्त चालते.

"पुलानंतर पाच किलोमीटर चढ आहे, बाबा."

"चढ कुठला?" मी म्हणालो. "अहो, रेल्वेची वाट ती. सपाट असणारच."

"डोळ्यांना दिसत नाही तो, हिनेससाहेब. कोळशाला कळायचा."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

लोखंडी पूल ओलांडला आणि माझी सायकल जड झाली. वाटलं, ब्रेक घासतोय. वाकून बघितलं, तर चाक मोकळं होतं. माझी एकुलती बाटली संपली. तिसऱ्या किलोमीटरला डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि हात गार पडले. ऊन लागलं तर काय करावं, हे मी गावाला चाळीस वर्षं सांगत आलो. पण 'थांबा' म्हणायला माझं तोंड उघडेना, कारण नियम माझा होता.

मागून एउफ्रासियो आले. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि ओरडले, "थांबा रे! गुडघा गेला माझा!"

सगळे थांबले. एउफ्रासियो लंगडत दरडीच्या सावलीत जाऊन बसले. "साहेब, जरा बघता का?" मी त्यांच्याशेजारी अक्षरशः कोसळलो. बाकीच्यांकडे पाठ करून त्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

"घोट घोट प्या. घाई नाही," ते पुटपुटले. "माझ्याकडे दुसरी आहे."

अर्धा तास मी एका हातानं त्यांचा धडधाकट गुडघा चोळत, दुसऱ्या हातानं त्यांचं पाणी पीत बसलो.

"काय आजोबा, बॉयलर फुटला?" मेल्चोर लांबून म्हणाला.

"फुटला, बाबा."

"मग खोडायचं ना नाव, अध्यक्ष?"

एउफ्रासियो बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली असती तर मी खरं बोललो असतो, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी खुशाल म्हणालो, "नियम म्हणजे नियम."

जूनमध्ये आम्ही निघालो तेव्हा ते चालत निरोप द्यायला आले. माझ्या सायकलला त्यांनी आपल्या दोन्ही बाटल्या बांधल्या. "पुलानंतर, साहेब," एवढंच म्हणाले. त्या तीन दिवसांत माझ्यामुळे मंडळाला चारदा थांबावं लागलं. कोणी चकार शब्द काढला नाही. उलट, अध्यक्षांना फोटो काढायचेत, असं मेल्चोरच सगळ्यांना सांगत होता.

नळ उभा होता. गंजलेला, पण उभा. त्याचा फोटो घेऊन मी एउफ्रासियोंच्या घरी गेलो. तो खिडकीपाशी नेऊन ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"साखळी गेली वाटतं," ते म्हणाले. "मी तिला लोंबकळायचो, तेव्हा कुठं पाणी यायचं." मग माझ्याकडे वळले. "वाटेत थांबावं लागलं का?"

"चारदा. माझ्यामुळे."

"अरेरे. मग तुमचं नाव खोडलं?"

टोमणा असता तर मी सोसला असता. पण त्यांना खरंच काळजी वाटत होती, चेहऱ्यावर दिसत होती.

"नाही," मी म्हणालो. "कोणाचंच नाही खोडलं."

"बरं झालं, साहेब," ते म्हणाले, आणि कापियाला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.