दगडांचं घर मोडायला

आमच्या गावामागच्या डोंगरावर देवीआईचं ठाणं आहे. ज्याला घर हवं असतं तो तिथं वर जाऊन दगडांचं लहानसं घर रचतो. तीन बाजूंनी दगड उभे, वर एक आडवा, झालं घर. सारा माथा अशा घरांनी भरलेला आहे. पण त्याला एक नेम आहे बरं का. खरं घर झालं की, त्यात राहायला जायच्या आधी, वर येऊन आपलं दगडांचं घर आपल्या हातानं मोडायचं. आईनं दिलं, आता तिची जागा मोकळी करायची.

आमचं घर झालं आणि रचणारा माणूस राहिला नाही. स्लॅब टाकला तेव्हा यांनी स्वतः सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारलं. प्लास्टर व्हायच्या आत छातीत कळ आली, वाशीमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग मोडायला मीच जाणार ना.

घरभरणी उद्यावर आली होती. श्रावणातला पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. दोन दिवसांच्या रजेवर आलेला मुलगा म्हणाला, "आई, पाणी पाहून राह्यली ना? दिवाळीनंतर जाजो."

"मंग घरातही दिवाळीनंतरच जाऊ," मी म्हटलं. त्याला मांडववाला पाहायचा होता, म्हणून माझ्यासोबत निघाली ती यांची धाकटी बहीण, केनवडला दिलेली. जीभ तिखट, पण पाय माझ्यापेक्षा मजबूत.

शेतातून जाताना चपलांना इतकी काळी माती चिकटली की चपला हातात घेतल्या. पुढं चढ लागला. शेवाळलेले दगड, आडवा पाऊस, वारा असा की छत्री उलटी झाली ती झालीच. ती नणंदेनं बोरीच्या झुडपात खोचून दिली आणि म्हणाली, "भावानं जितेपणी कधी बाजाराच्या पुढं नेलं नाही मले. आता मेल्यावर डोंगर दाखवून राह्यला."

मी हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि लगेच लाज वाटली.

शेवटचा टप्पा उघड्या खडकाचा. हात टेकून चढावं लागतं. माझा गुडघा तिथं अडला तो हलेना. वर ढग उतरलेले, हातभर पुढचं दिसत नव्हतं. नणंद म्हणाली, "वयनी, माघारी चाल. इथूनच हात जोड, आईले दिसते."

"आईले दिसते व, पण माहा हात पोचत नाही तिथवर."

तिनं कपाळाला हात लावला, मग खाली बसून माझा पाय धरून खाचेत टेकवला. अशी एकेक खाच करत तिनं मला वर नेलं.

ठाण्याच्या मागं वाकडा पळस आहे, तिथं आमची जागा. दरवर्षी आम्ही दोघं मिळून रचायचो. दारावर पांढरी गारगोटी ठेवायची ही यांची खूण. गेल्या वर्षी माझे गुडघे सुजले होते, मी खाली चिंचेखाली बसून राहिले, हे एकटे वर आले. उतरल्यावर मी विचारलं, "कसं रचलं?" तर म्हणाले, "पाह्यशीन तू."

वाऱ्यानं कितीतरी घरं पाडली होती. आमचं उभं होतं. आणि दारापुढं, दोन बारक्या दगडांवर, एक चपटा काळा दगड टेकवलेला.

"हे काय, पायरी का?" नणंदेनं विचारलं.

पायरी नव्हती. ओटा होता.

जन्मभर मी यांच्यामागं लागले होते, दारापुढं ओटा पाहिजे म्हणून. भाजी निवडायला, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायला. जुन्या टिनाच्या खोलीचं दार सरळ नालीवर उघडायचं. नवं घर बांधताना जागा कमी पडली, मिस्त्री ओट्याला नाही म्हणाला, आणि हेही म्हणाले, "बैस ना आतमंदी खुर्ची टाकून." मी दोन दिवस अबोला धरला. आमच्या उरलेल्या दिवसांतले दोन. देवीकडं माझ्यासाठी ओटा मागून बसला होता हा माणूस, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

मी आधी वरचा आडवा दगड काढला. मग गारगोटी. मग तिन्ही भिंती. बोटं थंडीनं वळत नव्हती. ओट्यापाशी येऊन थांबले.

"तो कायले ठेवला? सगळं मोडाचा नेम हाय," नणंद म्हणाली.

"जे झालं ते मोडाचं. हा कुठं झाला?"

ती चिखलातच माझ्याजवळ बसली. तळहाताएवढा तो ओटा मी पदरानं पुसला. पदरच ओला, काय पुसला जाणार. तरी पुसत राहिले.

शेवटी माझा दंड धरून ती म्हणाली, "वयनी, ऊठ. उतराचं हाय अजून."