कोरड्या तळ्यातली दोरी

फौजी तात्या कोरड्या तळ्यात गळ टाकायचे. भूमच्या बाजारातून परतणारी माणसं रस्त्यावर थांबून बघत. खाली भेगाळलेला गाळ, त्यात ताठ उभे तात्या आणि त्यांच्या डोक्यावरून मागं-पुढं सरसरत जाणारी पिवळी दोरी. फौजेत राहून म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. मीही हसायची. एकदा जवळ जाऊन पाहिलं आणि हसू तिथंच राहिलं. ती लांबलचक दोरी हवेत उलगडली, क्षणभर थांबली आणि तिच्या टोकाला गळाऐवजी बांधलेला लोकरीचा गोंडा दूर ठेवलेल्या ताटलीत अलगद उतरला. ताटली वाजलीसुद्धा नाही.

नोकरीत असताना हिमाचलातल्या थंड नद्यांवर एका साहेबाबरोबर राहून तात्या हे शिकले होते. आपल्याकडं गळाला गांडूळ लावतात, शिसं बांधतात आणि देतात भिरकावून. तात्यांच्या पद्धतीत वजन सगळं दोरीतच, आणि गळावर पिसांची खोटी माशी. आपल्या गावच्या तळ्यातला एक तरी मासा या माशीला लागावा, एवढीच त्यांची हौस. पण ते निवृत्त होऊन आले आणि पावसानं पाठ फिरवली. तळं आटलं. त्यातच काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली. तळ्यात पाणी आधी येतं की डोळ्यांपुढं अंधार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मला शिकायचंय म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, सामान काय घेणार? मी गावच्या शाळेत नुकतीच लागलेली बाई. मोबाइलवर बघून बघून महागडी काठी, चकचकीत चकरी, खिसेच खिसे असलेलं जाकीट, असा सगळा थाट निवडून ठेवला होता. तात्यांनी एकेक वस्तू मोठ्यानं वाचायला लावली आणि एकेक काढून टाकायला लावली. ते जाकीट बघून मासा तर पळंलच, म्हशीही उधळतील, असं त्यांचं मत पडलं.

"काठी साधी फायबरची घे. चकरी म्हंजी दोरी गुंडाळायचा डबा, त्यात पैसा घालू नको," ते म्हणाले. "दोरी मातर चांगली घे पोरी, अन् काठीला जुळती घे. तिथं हात आखडलास तर लई पस्तावशील."

माश्या विकत घ्यायची तर बंदीच होती. कोंबड्याच्या मानेवरचं पीस आणि शिलाईचा काळा दोरा, एवढ्यावर ते माशी बांधत. तोवर त्यांना पीस धड दिसतही नव्हतं. बोटंच सगळं करत. बांधून झाली की गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकत. मासा सोडायचाच आहे, तर त्याला जाताना त्रास कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मग रोज शाळा सुटल्यावर त्या कोरड्या तळ्यात माझी कवायत सुरू झाली. आता रस्त्यावरची माणसं दोघांना हसू लागली. तात्या माझ्याकडं पाठ करून दगडावर बसत आणि नुसते ऐकत. मागची दोरी पुरती उलगडायच्या आत मी हात पुढं आणला, की न बघताच म्हणत, "घाई केलीस." प्रत्येक वेळी बरोबर. मला त्या माणसाची भीतीच वाटायची, देवळात गेल्यावर वाटते तशी.

अखेर एका वर्षी तळं भरलं, ओढ्याच्या पाण्याबरोबर मासेही आले. पण तोवर तात्यांच्या डोळ्यांपुढं अंधार झाला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पाण्यापर्यंत आले. मी काठी त्यांच्या हातात देऊ लागले, तर ती त्यांनी परत माझ्याकडं सारली. म्हणाले, माशी कुठं पडली ते मला दिसणार न्हाय, तू टाक.

मी टाकली. घाई केली नाही. माशी पाण्यावर टेकली, जरा वेळ तरंगली आणि नाहीशी झाली. दोरी ताणली तशी मी ओरडलेच. तात्यांनी हात पुढं केला. मी तो धरून दोरीवर ठेवला. त्यांनी ती दोन बोटांत हलकेच धरली आणि मान तिरकी करून उभे राहिले. मासा ओढत होता, वळत होता, पुन्हा ओढत होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं उमटत होतं. इतका आनंदी चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिलेला नाही.

मासा काठाशी आला. साधी चिलापीच होती, तळहाताएवढी. मी म्हटलं, "तात्या, थांबा, हातात देते. बघा तरी केवढा आहे."

"बगितला की म्या," ते म्हणाले. "सोड त्याला."